गिधाडांचा माळ

उपेंद्रचं विमान टेकलं ते वाकडंच टेकलं, हे विद्याधरला लांबूनच कळलं. तो विमान कारखान्याच्या पंखजोडणीच्या शेडबाहेर चहा पीत उभा होता. एकोणसाठ सालचा फेब्रुवारी, नुकतं तापायला लागलेलं बंगळूरचं ऊन. धाकटा भाऊ नव्या विमानाची चाचणी घेऊन खाली यायची वेळ झाली, की विद्याधर काहीतरी निमित्त काढून बाहेर येऊन उभा राहायचा. शेडमधल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. आज विमान एका चाकावर उसळलं, धावपट्टी सोडून गवतात शिरलं आणि जमिनीत नाक खुपसून थांबलं.

आगीचा बंब यायच्या आधी विद्याधर तिथे पोचला होता. विमानाची पुढची काच जाग्यावर नव्हती. आत सगळीकडे पिसं आणि रक्त होतं, आणि उपेंद्रच्या छातीवर एक भलंमोठं गिधाड फुटून पडलं होतं. त्याची उघडी, लांब मान भावाच्या खांद्यावरून मागे लोंबत होती. विद्याधरने दोन्ही हातांनी ते ओढलं. ते निघेना. एक पंख खुर्चीच्या पट्ट्यांत पिळून अडकला होता. तेवढ्यात खंडोजी धावत आला. खंडोजी हा विमानतळावरचा पहारेकरी, बंगळुरातच पिढ्या गेलेल्या मराठा घराण्यातला, लढाईवरून परतलेला हवालदार. त्याने कमरेची सुरी काढली आणि पंख मुळापासून कापला.

"आता ओढा, साहेब," तो म्हणाला.

गिधाड निघालं. खाली जे होतं त्याला चेहरा म्हणता येत नव्हतं. पण उपेंद्र जिवंत होता. त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, आणि उजवी मूठ अजून सुकाणूच्या दांड्यावर गच्च आवळलेली होती. काही दिसत नसताना, तोंड फाटलेलं असताना त्याने ते विमान खाली आणलं होतं. विद्याधरने एकेक बोट उकलून ती मूठ सोडवली. शेवटचं बोट सुटलं तेव्हा शिट्टी थांबलेली होती.

दिवस झाले, पाहुणे पांगले. घरात तिघंच उरली: विद्याधर, त्याची आई आणि उपेंद्रची बायको हेमलता. लग्नाला दोन वर्षंही झालेली नव्हती. ती आतापर्यंत कोणासमोर रडली नव्हती. पाहुणे गेले त्या दुपारी ती विद्याधरसमोर येऊन बसली.

"भाऊजी, ते पक्षी येतात कुठून?"

विद्याधरने सांगितलं. धावपट्टीच्या पूर्वेला, व्हाइटफील्डच्या वाटेवर एक माळ होता. शहरातली मेलेली गुरं गाड्यांत घालून तिथे टाकत. शेकड्यांनी गिधाडं तिथे जमत, ऊन चढलं की गिरक्या घेत वर जात, आणि विमानं उतरायची वाट नेमकी त्याच माळावरून होती.

"त्यातलं एकही उरता कामा नये," हेमलता म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. मीठ संपलंय असं सांगावं तितक्या साधेपणाने ती बोलली.

"नाही उरणार," विद्याधर म्हणाला.

आई उठून आत गेली.

पहिल्यांदा बंदुका आल्या. कारखान्याने परवानगी दिली आणि खंडोजीच्या हाताखाली चार नेमबाज दिले. विद्याधरने आयुष्यात बंदूक धरलेली नव्हती. खंडोजीने त्याला माळाच्या कडेला पालथं झोपवून शिकवलं. दस्ता खांद्याला कसा लावायचा, श्वास कुठे धरायचा. पहिल्या दिवशी त्याचा खांदा काळानिळा पडला. दुसऱ्या दिवशी एका बैलाच्या मढ्यावर बसलेलं गिधाड त्याने पाडलं. ते लगेच मेलं नाही. एका पंखावर रेलून ते त्याच्याकडे तोंड करून फुसफुसत राहिलं. विद्याधर जवळ गेला आणि त्याने दस्त्याने त्याचं डोकं चेचलं. एकदा पुरलं असतं. तो हाणतच राहिला. शेवटी खंडोजीने येऊन त्याच्या हातातून बंदूक काढून घेतली.

"सरी, बस झालं, साहेब. मेलंय ते."

घरी गेल्यावर त्याने हातपाय धुतले आणि हेमलताला सांगितलं, "आज अकरा पडली." तिने मान हलवली आणि ताट वाढलं. मग ते रोजचंच झालं. तो आकडा सांगायचा, ती वाढायची. आई पाठ करून चुलीपाशी बसलेली असायची.

पण बंदुकांना गिधाडं जुमानेनात. पहिल्या बारासरशी सगळा थवा उठायचा आणि धावपट्टीच्या वरच जाऊन घिरट्या घालायचा. त्या गोंधळात आणखी एका विमानाच्या पंखाला धडक बसली. वैमानिक वाचला, पण साहेब लोक वैतागले. तेव्हा भर बैठकीत विद्याधर उभा राहिला आणि म्हणाला, "कुचला घालू या." कुचल्याच्या बीचं विष. कोल्हे, भटकी कुत्री मारायला लोक ते वापरतच होते. कोणी हरकत घेतली नाही. ज्याचा भाऊ गेला होता तोच बोलत होता.

माळावर देवाप्पा आणि गंगव्वा नावाचं जोडपं काम करी. निपाणीकडची माणसं, पोट भरायला बंगळुरात आलेली, घरात मराठीच बोलणारी. टाकलेल्या जनावरांची कातडी ती दोघं सोलून घेत. मागाहून गिधाडांनी साफ केलेली हाडं गोळा करून हाडांच्या गिरणीला घालत. विद्याधरने त्यांना बजावलं, की उद्या टाकायच्या दोन म्हशींना हात लावायचा नाही.

"का म्हणून हो, अण्णा?" गंगव्वाने विचारलं.

"त्यात विष आहे."

"कुणासाठी?"

विद्याधरने वर बोट दाखवलं. गंगव्वाने वर बघितलं, मग त्याच्याकडे. पदराने तोंड पुसून ती कामाला लागली.

म्हशींची पोटं फाडून खंडोजीने आत भुकटी चोळली. सकाळी नऊच्या सुमाराला पहिलं गिधाड उतरलं, आणि बघता बघता म्हशी दिसेनाशा झाल्या. नुसत्या माना, पंख, एकमेकांच्या पाठीवर चढणं, आतडी ताणून ओढणं. विद्याधर करवंदीच्या जाळीआड बसून बघत होता. मग एक मान मागे वळली आणि तशीच ताठ राहिली. दुसरं गिधाड उडी मारून आडवं पडलं, पाय ताणून थरथरायला लागलं. काही ओकली आणि ओकता ओकता उलथली. भेदरून बाकीची उडाली, पण पोटातलं विष त्यांच्याबरोबरच वर गेलं. ती आकाशातून पडायला लागली. धोंडे पडावेत तशी, धप्प, धप्प. माळावर पडली, पलीकडच्या नाचणीच्या रानात पडली, तळ्यात पडून पाणी उडालं. जवळच्या वस्तीत एका घराची कौलं फोडून एक गिधाड चुलीवर जाऊन पडलं आणि तिथे झटके देत मेलं. वस्तीतल्या बाया पोरांना पोटाशी धरून झाडाखाली पळाल्या.

असं तीन वेळा केलं. मेलेल्या गिधाडांचे ढीग रचून वर रॉकेल ओतून पेटवले. त्या जळक्या पिसांची घाण विद्याधरच्या कपड्यांतून कितीही धुतली तरी जाईना. तळ्याकाठच्या उंच झाडांवर गिधाडांची घरटी होती. त्यांत मागे राहिलेली पिल्लं दोनतीन दिवस करकरत होती. मग तोही आवाज बंद पडला. एप्रिल संपेपर्यंत माळावरचं आकाश रिकामं झालं.

"आता एकही नाही," त्या रात्री तो जेवताना म्हणाला.

हेमलताने पोळी तव्यावरून काढली, त्याच्या ताटात टाकली आणि ती आत निघून गेली. आतल्या खोलीतून पहिल्यांदाच तिच्या रडण्याचा आवाज आला. विद्याधरला वाटलं होतं, की आपल्याला बरं वाटेल. त्याला काहीच वाटत नव्हतं. समोरची पोळीही त्याला खाववली नाही.

गुरं मरायची थांबली नव्हती. गाड्या येतच होत्या. पूर्वी सकाळी टाकलेल्या म्हशीची संध्याकाळपर्यंत पांढरी हाडं उरायची. आता ती तशीच पडून राही, फुगायची, फुटायची. तिच्यात अळ्यांची गादी हले. माशा इतक्या झाल्या, की वस्तीतली माणसं दारं लावून जेवत. वारा फिरला की घाण कारखान्याच्या शेडपर्यंत येई आणि कामगार नाकाला फडकी बांधून काम करीत. हाडांवर मांस चिकटून सडायचं, म्हणून गिरणीवाल्याने देवाप्पाची हाडं घेणं बंद केलं.

आणि कुत्री आली. आधी दहावीस, मग कळपच. कोठून आली कोणाला ठाऊक. ढोमलूरकडून, हलसूरकडून, खेड्याखेड्यांतून. इतकं मांस त्यांना जन्मात मिळालं नव्हतं. माळावरच कुत्र्या व्याल्या. पावसाळा लागेपर्यंत त्यांची तुकतुकीत, जाडजूड टोळी तयार झाली होती. तिला माणसाची भीती नव्हती. तिने वस्तीतली वासरं फाडली. एका म्हाताऱ्या धनगराची मेंढरं भर दिवसा त्याच्या डोळ्यांदेखत नेली. त्यातली काही कुत्री उगाचच गोल फिरत, हवेला चावत, आणि त्यांच्या जबड्यातून लाळेच्या तारा लोंबत.

जुलैतल्या एका रविवारी विद्याधर माळावर गेला होता. एखादं गिधाड परत आलं असेल तर बघावं, म्हणून खंडोजीची बंदूक त्याने बरोबर घेतली होती. माळाच्या मध्यावर गंगव्वा एका गाईची कातडी सोलत उकिडवी बसली होती. देवाप्पा लांब गाडीपाशी होता. विद्याधर तिला हाक मारणार, एवढ्यात मागच्या खड्ड्यातून टोळी वर आली.

पुढचं पिवळं कुत्रं भुंकलं नाही. सरळ येऊन त्याने गंगव्वाच्या गालाचा लचका तोडला. ती गाईवर पालथी पडली आणि बाकीची तिच्यावर कोसळली. विद्याधर ओरडत धावला. गोळी झाडली तर तिलाच लागेल, म्हणून त्याने बंदूक नळीकडून धरली आणि दस्ता गरगर फिरवायला लागला. एकाची पाठ मोडली, एकाचा जबडा तुटून लोंबला. एकाने त्याची पोटरी धरली, दुसऱ्याने मनगट. गंगव्वा खालून सोलायची सुरी चालवत होती. तेवढ्यात देवाप्पा पोचला. त्याने पिवळ्या कुत्र्याला मानेला धरून उचललं आणि सुरीने गळ्यापासून पोटापर्यंत उभं फाडलं. मग विद्याधरला बंदूक फिरवून गोळी घालायला जागा झाली. दोन पडली, बाकीची मागे सरली. फार लांब गेली नाहीत. जिभा बाहेर काढून तिथेच बसून राहिली.

गंगव्वाच्या गालाची चामडी हनुवटीवर लोंबत होती. तिने ती हाताने वर सरकवली आणि धरून ठेवली.

"गाडी आणा," ती नवऱ्याला म्हणाली.

इस्पितळात दोघांना पोटात इंजेक्शनं सुरू झाली. रोज सकाळी जायचं, रांगेत बसायचं. विद्याधर आणि गंगव्वा एका बाकावर बसत. तिच्या निम्म्या तोंडाला पट्टी असे, उरलेल्या निम्म्याने ती बोलायची.

"अण्णा, तुमच्याबी पोटाला गाठी आल्यात व्हय?"

"आल्यात."

"मला वाटलं, सायबाचं पोट निराळं असतंय."

एकदा तिने विचारलं, "तुमच्या भावाचं वय काय हुतं?"

"अठ्ठावीस."

तिने तोंडावरची पट्टी नीट बसवली. मग म्हणाली, "माझाबी एक भाऊ गेला तसाच. बैलानं मारला. त्या बैलाला आम्ही इकला न्हाई. नांगराला दुसरा नव्हता." एवढं बोलून ती सुईसाठी उठली. विद्याधर तिच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. ती त्याला काही शिकवायला बोलली नव्हती, आठवलं म्हणून बोलली होती. पण तो दिवसभर कारखान्यात एका पंखाचे खिळे तपासत उभा होता आणि एकही खिळा त्याला दिसत नव्हता.

इंजेक्शनं संपत आली होती, तेव्हा एका सकाळी तिला रांगेत पाणी दिलं. तिने भांडं तोंडाजवळ नेलं आणि तिचा गळा आवळला. भांडं फेकून ती भिंतीला जाऊन चिकटली. डॉक्टर आले, बघून गेले. बाहेर विद्याधरला त्यांनी सांगितलं, की चावा चेहऱ्यावरचा होता, विष मेंदूला लवकर पोचलं. हल्ली असे रोगी फार येतात, कुत्री फार माजलीत, असंही ते म्हणाले. 

दोन दिवस ती खाटेला बांधलेली होती. वाऱ्याची झुळूक आली तरी तिचं अंग धनुष्यासारखं उचललं जाई. दोर मनगटात रुतून रक्त आलं होतं, तोंडातून फेस गळत होता, आवाज घोगरा होऊन कुत्र्यासारखा येत होता. मध्येच ती शुद्धीवर यायची. देवाप्पा जवळ गेला की ती मान फिरवायची.

"लांब ऱ्हावा," ती म्हणायची. "मी चावीन. लांब ऱ्हावा की."

विद्याधर खिडकीशी उभा होता. शेवटच्या झटक्यात तिने स्वतःचीच जीभ चावून तोडली. मग ती सैल पडली.

आवारातल्या पिंपळाखाली देवाप्पा त्याच्याकडे चालत आला. त्याने विद्याधरच्या तोंडात मारली. मग पोटात, जिथे इंजेक्शनांच्या गाठी होत्या तिथेच. विद्याधर खाली पडला. देवाप्पाने लाथा घातल्या. विद्याधरने हात वर केला नाही, तोंडही झाकलं नाही. लोकांनी देवाप्पाला ओढून बाजूला केलं तेव्हा तो रडत होता.

"गिधाडं वर हुती तवर कुत्री नव्हती," तो म्हणाला. "ती हुती तवर माझी बायकू त्या माळावर एकटी निजत हुती, दुपारची."

विद्याधर तीन आठवडे अंथरुणात होता. एक बरगडी मोडली होती. हेमलताने त्याला शेक दिला, पट्ट्या बदलल्या. कोणी मारलं, हे त्याने पोलिसांना सांगितलं नाही, तिला मात्र सगळं सांगितलं. गंगव्वाचंही.

"कुत्री मारा मग," ती म्हणाली.

"कुत्री मारली तर उंदीर येतील. मांस तिथेच आहे, हेमा. ते कोणीतरी खाणारच."

"म्हणजे?"

 उत्तर त्याच्या तोंडात तयार होतं, पण तिच्यासमोर ते बोलायचं धाडस त्याला झालं नाही.

दिवाळीनंतर गिधाडं परत आली. थोडीशीच, दक्षिणेकडच्या खडकाळ डोंगरांतून आली असावीत. पहिल्यांदा ती उंचावर दिसली तेव्हा शेडबाहेर उभ्या असलेल्या विद्याधरने ती दोनदा मोजली. तिरस्काराने की आनंदाने, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. कारखान्याच्या नव्या सुरक्षा अधिकाऱ्यालाही ती दिसली होती. दोन दिवसांत हुकूम निघाला: पुन्हा कुचला.

विद्याधर अधिकाऱ्याच्या खोलीत गेला. "विष नको. तो माळच हलवा," तो म्हणाला. "विमानांच्या वाटेवरून ढोरं काढा, पक्षी आपोआप जातील. आपल्यालाही धोका नाही, आणि त्यांनाही."

"त्यांनाही?" अधिकारी खुर्चीत मागे टेकला. "विषाची कल्पना तुमचीच ना? तुमच्या भावाला मारलं त्यांनी."

"त्यांनी मारलं नाही. त्यांच्या जेवणाच्या जागेवरून आपण विमान नेलं."

"घरी जा. विश्रांती घ्या. उद्या सकाळी खंडोजी बघून घेईल."

सकाळी उजाडताच विद्याधर सायकलवरून माळावर गेला. कॅरिअरला रॉकेलचा डबा बांधला होता. मोठा रेडा मध्यावर पडला होता, पोट फाडलेलं, आत पांढरी भुकटी. खंडोजी बाजूला बंदूक घेऊन बसला होता.

"साहेब, तुम्ही इकडे?"

"मी हा जाळणार आहे."

"मला हुकूम आहे."

"मग मला गोळी घाल."

विद्याधर पुढे झाला. खंडोजीने त्याच्या छातीला हात लावून अडवलं. झटापट झाली. खंडोजी वयाने मोठा, पण अंगाने दणकट; त्याने विद्याधरला आडवं करून गुडघ्याखाली दाबलं. मोडलेल्या बरगडीतून कळ गेली. तेवढ्यात डोक्यावरून सूंऽऽ असा आवाज गेला आणि पहिलं गिधाड रेड्याजवळ उतरलं. पाठोपाठ दुसरं, तिसरं. उरलीसुरली ती हीच होती.

"खंडोजी, सोड. तू त्या बाईला बघितलं नाहीस. मी बघितलंय."

खंडोजीने त्याच्याकडे पाहिलं. काय दिसलं कोण जाणे, पण त्याचा गुडघा सैल झाला. विद्याधर उठला आणि जमिनीवरची बाभळीची फांदी उचलून गिधाडांवर धावला.

ज्यांना त्याने शोधून शोधून मारलं होतं, त्यांनाच आता तो झोडपून हाकलत होता. ती भुकेली होती, हटेनात. पंख पसरून, मान खाली घालून ती फुसफुसत त्याच्या अंगावर आली. त्याने एकाच्या पंखावर फांदी हाणली, दुसऱ्याला लाथेने उडवलं. एकाने चोच मारून त्याच्या दंडाचं मांस सोलून नेलं. दुसरं रेड्याच्या पोटात मान घालायला लागलं, तेव्हा त्याने ते दोन्ही हातांनी कवटाळलं आणि मागे ओढलं. गिधाडाचे पंख त्याच्या तोंडावर आपटत होते. नखं मांडीत घुसली. त्या वासासरशी त्याला विमानातला तो दिवस आठवला. त्याचे हात त्या मानेवर आवळले गेले. आता पिळलं असतं तर मोडलीच असती. त्याने ते लांब भिरकावलं. ते पडलं, सावरलं आणि उड्या मारत दूर गेलं.

कुत्री जमली होती. त्यातलं एक रेड्याकडे झेपावलं, तेव्हा एक धोंडा येऊन त्याच्या डोक्यात बसला. देवाप्पा होता. त्याने विद्याधरकडे बघितलं नाही. रॉकेलचा डबा सोडवून त्याने रेड्यावर उपडा केला आणि काडी ओढली. खंडोजीने हवेत दोन बार काढले. गिधाडं उठली, धुराच्या कडेने वर चढली आणि लांब एका झाडावर जाऊन बसली. तिघंही पुरुष आग विझेपर्यंत तिथे उभे होते. 

विद्याधरला कामावरून काढलं नाही, पण घरी बसवलं. खंडोजीचा पहारा बदलून त्याला मागच्या फाटकावर टाकलं. पण पुढच्याच आठवड्यात उतरणाऱ्या एका विमानासमोर कुत्र्यांची टोळी धावपट्टीवर आडवी आली. चाक मोडलं आणि वैमानिकाचे दोन्ही पाय गेले. त्यानंतर वरच्या साहेबांनी स्वतःहून विद्याधरला बोलावलं आणि विचारलं, की माळ हलवायचा तर कुठे?

ते सोपं नव्हतं. मेलेली ढोरं आपल्या वेशीपाशी कोणाला हवी असतात? विद्याधर आणि देवाप्पा गावोगाव फिरले. एका गावात लोकांनी दगड मारून पिटाळलं. देवाप्पाच्या कपाळाला खोक पडली. शेवटी विमानांच्या वाटेपासून पुष्कळ दूर, दक्षिणेला, वस्ती नसलेली एक सोडून दिलेली दगडाची खाण मिळाली. भोवती कुत्री शिरू नयेत म्हणून दगडांचा उंच गडगा घातला. आतमध्ये वरून उतरेल त्यालाच वाट होती.

हे ठरलं त्या दिवशी विद्याधरने हेमलताला सांगितलं, की आपण गिधाडं वाचवायला हे केलं आहे. दुसरं काही कारण त्याने पुढे केलं नाही. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"तुम्ही मला शब्द दिला होता, भाऊजी."

"दिला होता. तो मी मोडतोय."

"तुम्ही करताय ते बरोबर असेल," ती हळूच म्हणाली. "पण मला ते बरोबर म्हणायला सांगू नका. माझ्याच्याने होणार नाही."

"नाही सांगणार."

पुढच्या जूनमध्ये ती शिक्षिकेचा अभ्यास करायला मिरजेला माहेरी गेली. जाताना सासूच्या पाया पडली, विद्याधरच्याही पडली. आईला तिची पत्रं येत राहिली. विद्याधरच्या नावाने कधी आलं नाही, आणि त्यानेही त्याबद्दल कधी विचारलं नाही.

खाणीत ढोरं पडायला लागली, तरी पहिले दोन पावसाळे एकही गिधाड उतरलं नाही. देवाप्पा कातडी सोलून झाली की उरलेलं मातीत पुरायचा, दमून जायचा. वाट बघणं विद्याधरच्याही अंगवळणी पडलं. कारखान्यातून सुटला की तो सायकलवरून खाणीवर यायचा, देवाप्पाला खोदायला हात लावायचा. दोघांत बोलणं असं थोडंच व्हायचं. त्या मारामारीबद्दल ते कधीच बोलले नाहीत.

बासष्टच्या थंडीत एका दुपारी गिधाडं उतरली. आधी एक बराच वेळ खाणीच्या कडेवर बसून राहिलं. मग सातआठ एकदम, पाय खाली सोडून, वारा कापत आली आणि एका म्हाताऱ्या बैलावर पडली. भांडण जुंपलं. एकमेकांच्या माना ओढणं, उरावर चढणं, रक्ताने माखलेली डोकी बाहेर काढून फुसकारणं. विद्याधर गडग्याबाहेर उभा होता. त्याला अजूनही ते बघवत नव्हतं.  त्याने गडग्याच्या दगडावर हात टेकला आणि तो बघत राहिला.

ऊन कलेपर्यंत बैलाची हाडं मोकळी झाली. गिधाडं जड अंगाने बाजूला जाऊन पंख पसरून बसली. देवाप्पा पोतं घेऊन आत उतरला. त्याने एक बरगडी उचलली, वास घेऊन बघितला आणि पोत्यात टाकली.

"या की आत, अण्णा," त्याने हाक मारली. "बैलाचं डोस्कं जड हाय, एकट्याला उचलत न्हाई."

विद्याधरने बाह्या मागे सारल्या आणि तो गडगा चढून आत उतरला.